कोरडवाहू रानातली बहुवार्षिक अन्नझाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं रान बालाघाटाच्या उतारावर आहे. उताराच्या वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला काळी. तिथे सीताफळ, शेवगा, आवळा आणि चिंच लावल्यापासून लोक येतात, फोन करतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. ही मुख्यतः मराठवाडा आणि नगर-सोलापूरकडच्या कमी पावसाच्या भागासाठी आहेत. कोकणातल्यांनी आधी प्रश्न १० वाचावा.

१. बहुवार्षिक अन्नपीक म्हणजे फळबागच ना? मग वेगळं नाव कशाला?

फळबाग हा त्यातला एक भाग. एकदा लावलं की ज्याचं मूळ जमिनीत राहतं आणि जे दरवर्षी खायला देतं, ते सगळं यात येतं. चिंच, कवठ, आवळा, बोर, जांभूळ ही झाडं तर आहेतच. शिवाय शेंगा आणि पाल्यासाठी शेवगा, फुलांच्या भाजीसाठी हादगा, परसातला कढीपत्ता, मांडवावरची तोंडली आणि बांधावरची करटुलीसुद्धा. फळबाग म्हटलं की एकाच जातीच्या सरळ ओळी आणि फवारणीचा पंप डोळ्यांसमोर येतो. इथे आधी घरचं ताट आणि मग बाजार.

२. सोयाबीन-कापसात वाईट काय आहे? पैसा तर त्याच्यातूनच येतो.

पीक वाईट नाही, पण सगळं रान त्याच्याच हवाली करणं वाईट. सोयाबीन साधारण १०० ते ११० दिवसांत निघतं. पाणी नसेल तर पुढचे सात-आठ महिने रान उघडं राहतं. त्यात नांगरट होते, आणि जूनचा पहिला मोठा पाऊस त्या भुसभुशीत मातीवरच पडतो. अशा पावसानंतर रानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथून पाणी ओढ्याला लागतं, तिथे जाऊन उभे राहा. दुधाच्या चहासारखं पाणी वाहताना दिसेल. तो रंग तुमच्याच वरच्या थराचा आहे.

दुसरं म्हणजे उधारी. दर जूनला नवं बी, नवं खत. पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी. झाडाला दुबार पेरणी नसते. एखादं वर्ष फळ कमी आलं तरी झाड उभं असतं आणि पुढच्या वर्षीसाठी नवं बी विकत घ्यावं लागत नाही.

३. मग ज्वारी, तूर सोडून द्यायची?

नाही. हे ठासून सांगतो, कारण असा सल्ला देणारे भेटतात. खोल काळ्या जमिनीतल्या मालदांडी ज्वारीला पर्याय शोधू नका. भाकरी तिच्यातून येते आणि जनावराचा कडबाही. पाच एकर असेल तर बांध, पडीक तुकडा आणि जिथे पेरलेलं कधीच नीट येत नाही तो मुरमाड कोपरा, एवढ्यापासून सुरुवात करा. झाडं रानाचा एक भाग सांभाळतील आणि बाकीचं पेरतं राहील.

तूर तर मुळात झुडूपच आहे. बांधावरची तूर छाटून ठेवली तर दोन-तीन वर्षं टिकू शकते. पण मर आणि वांझ रोग तिच्यात साचत जातात आणि नव्या पेरणीलाही पोचतात. म्हणून घरच्या डाळीपुरती चार-दोन झाडं ठेवायला हरकत नाही, अख्ख्या पट्ट्याचा खोडवा, म्हणजे कापणीनंतर त्याच बुडख्यांवर पुन्हा घेतलेलं पीक, मात्र ठेवू नये.

४. आमच्या जमिनीत काय लावू?

आधी खड्डा खोदा, मग विचारा. कोपऱ्यात तीन फूट खोल खणा आणि काय लागतं ते बघा. मुरूम लागला तर सीताफळ, बोर आणि आवळा. भरपूर माती लागली तर चिंच, जांभूळ आणि कवठ. आता त्याच खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. ते दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर तिथे सीताफळ लावू नका आणि शेवगा तर मुळीच नको. पाणी साचलं की त्यांची मुळं कुजतात.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. आवळ्याची एक ओळ चांगल्या काळ्या जमिनीत लावली, का तर जमीन भारी म्हणजे झाड जोमात येईल. श्रावणात आठवडाभर झड लागली आणि उताराच्या टोकाची झाडं पिवळी पडून गेली. वरच्या मुरमातली मात्र आजही फळं देतात.

अंतराचा अंदाज असा: शेवगा ३ × ३ मीटर, सीताफळ ५ × ५, आवळा ७ × ७, चिंच १० × १०. म्हणजे एकरी सीताफळाची १६० च्या आसपास झाडं बसतात, आवळ्याची ८०, चिंचेची ४०. चिंच लहान असताना हे अंतर वेड्यासारखं वाटतं आणि मध्ये आणखी झाडं लावायचा मोह होतो. लावायचीच तर शेवग्यासारखी लवकर संपणारी लावा.

५. विहीर नाही, बोअर आटतो. झाडं जगतील का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते खरा प्रश्नही हा एकच आहे. झाडं पावसाळ्यात मरत नाहीत. ती पहिल्या आणि दुसऱ्या उन्हाळ्यात, होळी ते मृग या काळात मरतात. म्हणून किती झाडं लावायची हे जमिनीवरून ठरवू नका. मे महिन्यात तुमच्याकडे किती पाणी असेल, त्यावरून ठरवा.

हिशेब सोपा आहे. लहान रोपाला आठवड्याला १५ लिटर धरा. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत १६ आठवडे होतात. म्हणजे एका झाडाला २४० लिटर. ६० झाडांना १४,४०० लिटर, पाच हजार लिटरचे साधारण तीन टँकर. हे जमत असेल तर ६० लावा. १६० झाडांना ३८,४०० लिटर लागतील. एवढं पाणी मेमध्ये कुठून आणणार, हे लावण्याआधी घरातल्या सगळ्यांसमोर बोला, कारण कळशी वाहायचं काम बहुतेक वेळा घरातल्या बाईवर येतं.

पाणी वाचवण्याचे उपाय जुनेच आहेत. बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घातलेलं मडकं रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं. ते भरून वर झाकण ठेवलं की पाणी हळूहळू मुळाशी झिरपत राहतं. आळ्यात उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट किंवा गवत चार बोटं जाड पसरायचं, पण खोडाला चिकटवायचं नाही, वाळवी लागते. दुपारी आच्छादन बाजूला करून खालच्या मातीला हात लावून बघा. उघड्या मातीला हात लावल्यावर चटका बसतो, पण आच्छादनाखालची थंड लागते.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर प्रश्न ४ मध्ये सांगितलेली कोरडवाहू झाडं बरीचशी स्वतःच्या मुळावर उभी राहतात.

६. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडे मोसंबीच्या बागा वाळल्या. तीही झाडंच होती ना?

होती, आणि लोकांनी लेकरासारखी जपलेली होती. टँकरने पाणी घालूनही अनेकांना बागा तोडाव्या लागल्या. म्हणूनच ‘झाड लावा म्हणजे दुष्काळ हटेल’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. कोणतं झाड, हे महत्त्वाचं.

झाडाचं वेळापत्रक बघा. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना फुलणारी मोसंबी ऐन उन्हाळ्यात फळं अंगावर बाळगते. ज्या महिन्यात विहीर तळाला जाते, त्याच महिन्यात तिची मागणी सर्वांत जास्त असते. सीताफळ याच्या उलट वागतं. उन्हाळा लागताना पानं गाळतं, वाळल्यासारखं उभं राहतं आणि नंतर नव्या फुटीबरोबर कळ्या धरतं. फळ पावसावर पोसतं आणि दसरा-दिवाळीला हातात येतं. बोरही कडक उन्हात पानं झाडून झोपी जातं, पावसाच्या फुटीवर फुलतं आणि संक्रांतीच्या सुगडात पडतं. आवळ्याची गंमत आणखी वेगळी आहे. त्याला वसंतात फुलं येतात, पण बारीक फळ उन्हाळाभर वाढतच नाही. पाऊस पडला की मगच फुगायला लागतं आणि कार्तिकात तयार होतं. मे महिन्यात जे झाड झोपतं, ते कोरडवाहू माणसाचं झाड. मोसंबी लावूच नये असं नाही, पण तिला खात्रीचं पाणी लागतं आणि त्या पाण्याचा हिशेब वेगळा आहे.

७. कलम घ्यावं की बियांचं रोप?

चिंच, आवळा आणि जांभूळ यांचं कलमच घ्या. बियांच्या चिंचेला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात, कलमाला चार-पाच. फळ कसं येणार हेही आधी माहीत असतं. सीताफळाच्या बियांच्या रोपाला तीन-चार वर्षांत फळ येतं, पण प्रत्येक झाडाचं फळ वेगळं निघतं. घरी खायला चालतं, बाजारात एकसारखा माल लागतो. त्यासाठी बाळानगर, फुले पुरंदर, एनएमके-१ अशा जातींची कलमं मिळतात. आवळ्याची एकच जात लावू नका. एनए-७ सोबत कृष्णा किंवा कांचन असेल तर परागीभवन होऊन फळ चांगलं धरतं.

रोप घेताना दोन गोष्टी हाताने तपासा. कलमाचा सांधा दिसलाच पाहिजे आणि लावल्यावर तो मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याखालून आलेली फूट दर महिन्याला खुडा. एका रोपवाटिकेतून आणलेल्या आमच्या काही कलमांचा सांधा आधीच वाळलेला होता. खालून जोमदार फूट आली आणि आम्ही दोन वर्षं तिलाच कलम समजून पाणी घातलं. दुसरं, पिशवीच्या तळाशी बोटाने चाचपा. मुळं गोल गुंडाळली असतील तर ते रोप परत ठेवा, ते पुढे खोल जात नाही.

बोरीसाठी तर मी रोप आणूच नका म्हणतो. गावठी बोरीचं बी जागेवरच लावा आणि पुढच्या वर्षी त्यावर डोळा भरून घ्या, म्हणजे चांगल्या जातीच्या फांदीवरचा डोळा खोडात बसवून घ्या. सोटमूळ एकदाही न दुखावता सरळ खाली जातं. प्रश्न ५ मधलं निम्मं काम तिथेच होतं.

८. फळ येईपर्यंत तीन-चार वर्षं घर कसं चालवायचं?

झाडांच्या मधल्या जागेत पेरत राहायचं. मूग, उडीद, मटकी, हुलगा, भुईमूग ही बुटकी आणि लवकर निघणारी पिकं चालतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीलाही नत्र मिळतं. झाडाभोवती वीतभर नाही, चांगली तीन फूट जागा सोडा, नाहीतर पाळी घालताना औताचा फास रोपाला लागतो.

शेवगा इथे उपयोगी पडतो. पीकेएम-१ सारख्या जातीला सहा-आठ महिन्यांत शेंगा लागतात. रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात आणि शेंगा हाताला येतात. मात्र सगळी मदार त्याच्यावर टाकू नका. हिवाळ्याच्या सुरुवातीला शेंगेला चांगला भाव असतो आणि फेब्रुवारी-मार्चला सगळ्यांचा माल एकदम आला की पडतो. शेंगा विकल्या गेल्या नाहीत तरी पाला घरात राहू द्या. लसूण-मिरचीची फोडणी आणि डाळ घातलेली शेवग्याच्या पाल्याची भाजी लेकरांच्या पोटात गेली, तर तोही हिशेबातच धरावा.

९. एक गुंठा परस आहे. तिथे काय करता येईल?

कढीपत्ता, शेवग्याचं एक झाड, सांडपाण्यावर अळू आणि मांडवावर तोंडली. तोंडलीचं बी शोधत बसू नका, पेन्सिलीएवढ्या जाड वेलाची छाट लावा. करटुलीचा कंद जमिनीत झोपून राहतो आणि मृगाच्या पावसाबरोबर आपणहून वर येतो, पण तिचा नर वेल वेगळा आणि मादी वेगळी. ‘फुलं येतात पण करटुली लागत नाहीत’ अशी तक्रार असेल तर बहुधा सगळेच वेल नर आहेत, किंवा जवळपास नर एकही नाही. आठ-दहा मादी वेलांत एक नर पुरतो.

१०. हे कुठे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे का?

हो. बायफ या पुण्याच्या संस्थेने १९८२ पासून दक्षिण गुजरातच्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसोबत वाडी उभी केली. एकेका कुटुंबाची साधारण एक एकर जमीन, तिच्यात आंबा आणि काजूची कलमं, मधल्या जागेत नेहमीची पिकं आणि कुंपणाला लाकूड-जळणाची झाडं. पुढे नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या निधीतून हा नमुना अनेक राज्यांत गेला. आपल्याकडे जव्हार-मोखाड्यात तो दिसतो, तिथे काहींनी जोडीला मोगराही लावला आहे.

मात्र तो प्रदेश धो धो पावसाचा आहे. कोकणात आंबा, काजू, फणस, कोकम आणि नारळाखाली काळी मिरी असं सगळं बसतं. सहाशे-सातशे मिलिमीटर पावसात तीच झाडं उचलून आणू नका. त्यातली घडण घ्या: थोडी जमीन, मिश्र झाडं, आत पीक, भोवती कुंपण.

११. बांधावरच्या झाडाच्या सावलीने पीक बसतं. शेजारीही भांडतो.

दोन्ही खरं आहे. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावली उत्तरेला पडते. पूर्व-पश्चिम बांधावर झाडं लावली तर बांधाच्या उत्तरेकडच्या रानावर दिवसभर सावली राहील. ते रान शेजाऱ्याचं असेल तर भांडण ठरलेलंच. तुमच्या रानाच्या उत्तर टोकाच्या बांधावर तर मोठं झाड लावूच नका, तिथे कढीपत्ता किंवा छाटून ठेवलेला हादगा लावा. दक्षिणोत्तर बांधावर सावली सकाळ-संध्याकाळ फिरती राहते, तिचा त्रास कमी.

सामाईक बांधावर लावायचं असेल तर आधी बोला, आणि फळ अर्धं-अर्धं असं चार माणसांदेखत ठरवा. बांध जाळायची सवय ज्या गावात आहे तिथे हे बोलणं दुप्पट गरजेचं. एका संध्याकाळच्या जाळात तीन वर्षांची रोपं जातात.

१२. शेळ्या आणि वानरांचं काय?

सीताफळाचा पाला शेळी खात नाही, म्हणून मोकळ्या रानात पहिलं झाड तेच. शेवगा, बोर आणि हादगा तिच्या आवडीचे, त्यांना बाभळीच्या काट्यांचं कुंपण दोन वर्षं लागतंच. वानरांवर रामबाण उपाय माझ्यापाशी नाही. फळ पिकायच्या दिवसांत माणूस राखणीला लागतो. त्या मानाने आवळा आणि चिंचेचं नुकसान कमी होतं.

१३. व्यापारी चिंच गुत्त्याने मागतो. द्यावी का?

फुलोरा बघून झाड गुत्त्याने, म्हणजे अख्ख्या झाडाचा ठोक सौदा करून देणं म्हणजे डोळे झाकून विकणं. अडचणीत पैसा लगेच हातात येतो हे मान्य, पण शेंग भरेपर्यंत थांबता आलं तर थांबा. टरफलासकट चिंच आणि फोडून, शिरा व चिंचोके काढलेली चिंच यांच्या भावात मोठा फरक असतो. चिंचोकाही वेगळा विकला जातो. फाल्गुन-चैत्रात गल्लीतल्या बायका मांडी घालून, हातोडीने टकटक करत चिंच फोडतात. ही मजुरी गावातच राहावी असं मला मनापासून वाटतं. बार्शी, लातूर, अहिल्यानगरच्या बाजारांत फोडलेल्या चिंचेला गिऱ्हाईक आहे.

सीताफळाला मात्र थांबायला वेळच नाही. खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पांढरट-पिवळसर दिसल्या, म्हणजे डोळे उघडले, की तोडायचं. त्यानंतर तीन-चार दिवसांत माल ग्राहकाच्या घरी पोचला पाहिजे. बाजार लांब असेल तर जवळ गर काढणारं केंद्र आहे का, हे लावण्याआधीच बघा.

१४. अनुदान मिळतं का? नोंद आणि विमा कसा?

रोजगार हमीतून फळबाग लागवड महाराष्ट्राने १९९० साली सुरू केली. त्यात न बसणाऱ्यांसाठी २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते झाडं जगण्यावर अवलंबून असतात. इथेही प्रश्न ५ आडवा येतोच. पूर्वसंमती हातात येण्याआधी रोपं आणू नका, आणि यंदा कोणती फळं व कोणते नियम आहेत ते गावच्या कृषी सहायकाला विचारून घ्या.

ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवताना, बांधावरच्या झाडांचीही नोंद करा. रस्त्यात किंवा तलावात जमीन गेली तर सातबाऱ्यावरचं झाडच मोजलं जातं. फळपीक विमा फक्त अधिसूचित फळांना आणि ठरावीक वयाच्या बागांना मिळतो. बांधावरच्या विखुरलेल्या झाडांनी त्याची आशा धरू नये.

१५. ऊस आणि केळीही खोडव्याने चालतात. मग तेही बहुवार्षिकच की?

वनस्पतीशास्त्राने हो. खोडवा, निडवा हे शब्द आपल्याकडे आहेतच. पण ऊस बाराही महिने पाणी मागतो, आणि मे महिन्यात तर जास्तच. प्रश्न ६ मधल्या कसोटीला तो उतरत नाही.

१६. एकदा लावून दरवर्षी येणारा भात आणि गहू निघाला म्हणतात. खरं आहे का?

भाताचं खरं आहे. चीनच्या युन्नान विद्यापीठाने आफ्रिकेतल्या बहुवार्षिक रानभाताशी संकर करून पीआर-२३ ही जात तयार केली. २०१८ मध्ये ती तिथल्या शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाली. एका लावणीतून चार वर्षांत आठ कापण्या निघाल्या आणि उत्पादन नेहमीच्या भाताच्या बरोबरीचं राहिलं. पण तो पाणथळ, कडाक्याची थंडी नसलेल्या भागाचा भात आहे. गव्हाच्या बाबतीत अमेरिकेत कॅन्सस राज्यातली लँड इन्स्टिट्यूट ही संस्था गव्हाच्या नात्यातल्या एका बहुवार्षिक गवतावर काम करते. त्याच्या धान्याला कर्न्झा म्हणतात. मुळं तीन मीटरपर्यंत जातात, पण दाणा बारीक आणि उतारा गव्हापेक्षा बराच कमी. आपल्या कोरडवाहू रानासाठी आज यातलं बियाणं मागवण्यासारखं काही नाही. कुणी विकायला आलं तर पैसे देऊ नका.

१७. नको झालेलं झाड तोडता येतं का? आपल्याच रानातलं आहे.

सरसकट नाही. महाराष्ट्रात झाडं तोडण्याचं नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, फणस, मोह, हिरडा ही झाडं आहेत. स्वतःच्या रानातली असली तरी परवानगी लागते. म्हणून चिंचेची जागा ठरवताना विहिरीची आणि घराची पुढची आखणीही डोळ्यांसमोर ठेवा.

१८. जमीन बटईची आहे. मी झाडं कशी लावणार?

मालकाच्या लेखी संमतीशिवाय मोठं झाड लावू नका. तुम्ही तीन उन्हाळे पाणी घालाल आणि फळ लागल्यावर जमीन काढून घेतली जाईल, असं झालेलं मी पाहिलं आहे. लवकर हाती येणारं तेवढं लावा: शेवगा, तोंडली, हादगा. मालक तयार असेल तर कागदावर किमान दहा वर्षं, फळातला वाटा आणि मध्येच जमीन परत घेतल्यास प्रत्येक झाडामागे द्यायची रक्कम, या तीन गोष्टी लिहून घ्या. कागद झाला नाही तर सीताफळाची दहा-बारा रोपं स्वतःच्या घरामागे लावा, तेवढ्याला मोरीचं पाणीही पुरतं.